संमती कोणाची, यादी कोणाची?

खासगीपणाविषयी मराठीत लिहू लागले की पहिली अडचण शब्दाचीच येते. 'गोपनीयता' म्हणावे, तर काहीतरी लपवण्याजोगे आहे असा वास त्या शब्दाला येतो. 'एकांत' म्हणावा, तर साधक किंवा प्रेमिक डोळ्यांपुढे उभे राहतात. 'खासगी' म्हणावे, तर क्लास आणि बस आठवते. तरीही हे तिन्ही शब्द एका बाबतीत सारखे आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकटा माणूस आहे : त्याचे गुपित, त्याची खोली, त्याची मालमत्ता. माझ्याविषयीची माहिती दुसऱ्याजवळ असते आणि दुसऱ्याविषयीची माझ्याजवळ, या साध्या वस्तुस्थितीला त्यांत जागा नाही. तिच्यासाठी आपल्या भाषेत एक निराळाच, जुना आणि वजनदार शब्द आहे : 'ठेव'. ठेव ज्याच्याकडे असते, त्याची ती नसते. आपल्या देशाच्या नव्या माहिती-संरक्षण कायद्याला नेमका हाच शब्द उमगलेला नाही, असा आमचा आरोप आहे. आणि प्रत्येकाच्या मोबाइलमधली संपर्कयादी हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा आहे.

हा कायदा येथवर कसा आला, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये आपला अहवाल आणि विधेयकाचा मसुदा सादर केला. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला या समितीने 'डेटा फिड्युशिअरी' असे नाव दिले, म्हणजे माहितीचा विश्वस्त. ज्याची माहिती, तो 'डेटा प्रिन्सिपल'. (महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना या नावाने क्षणभर दचकायला होईल, परंतु त्याचा प्राचार्यांशी संबंध नाही.) २०१९ मध्ये विधेयक संसदेत आले, २०२२ मध्ये ते मागे घेण्यात आले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम' संमत झाला. त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. या प्रवासात 'विश्वस्त' हा शब्द टिकला. विश्वस्तपणाची कल्पना मात्र वाटेत गळून पडली.

ती कोठे गळाली, हे दाखविण्यासाठी आम्ही आमच्याच विषयाची पद्धत वापरणार आहोत. कायदा हाही एक पाठ्य असतो आणि त्याचेही सूक्ष्म वाचन करता येते. या अधिनियमाचे सहावे कलम संमतीविषयी आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती असावी, असे ते म्हणते. येथवर कोणाचाही आक्षेप असू नये. कलमाखाली समजुतीसाठी एक उदाहरण जोडले आहे. कोणी एक व्यक्ती दूरवैद्यक सल्ल्याचे अ‍ॅप घेते. अ‍ॅप तिच्याकडे दोन गोष्टींची संमती मागते : सल्ल्यासाठी तिची माहिती वापरण्याची, आणि तिच्या फोनमधली संपर्कयादी पाहण्याची. ती दोन्हींना होकार देते. कायदा म्हणतो की वैद्यकीय सल्ला देण्यासाठी संपर्कयादीची गरज नाही. म्हणून तिची संमती पहिल्या गोष्टीपुरतीच धरली जाईल.

वरवर पाहता हे उदाहरण आमच्याच बाजूचे वाटेल. कायदेकर्त्यांना संपर्कयादीचा धोका कळला होता, म्हणून तर त्यांनी नेमके तिचेच उदाहरण घेतले. पण नकार कोणत्या कारणासाठी दिला आहे, ते पाहावे. यादी तिची नाही, तीत इतर माणसे आहेत, त्यांना कोणी विचारलेले नाही, हे कारण कायदा देत नाही. त्याचे कारण एवढेच की डॉक्टरला यादीचा उपयोग नाही. याचा सरळ अर्थ असा की उद्या एखाद्या अ‍ॅपने यादीचा उपयोग असल्याचे दाखवून दिले, 'तुमचे मित्र येथे आहेत का ते शोधू' असे म्हटले, तर त्याच व्यक्तीचा होकार पुरेसा ठरण्याची वाट मोकळी राहते. या अधिनियमाने व्यक्तीसाठी सर्वत्र 'ती' हे सर्वनाम वापरले आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ही 'ती' म्हणजे फोन हाती धरलेली 'ती'. तिच्या यादीतल्या चारशे जणांच्या वाट्याला साधे सर्वनामही आलेले नाही.

संपर्कयादी म्हणजे नुसती नावे आणि आकडे, असे मानणाऱ्यांनी कधी तरी स्वतःची यादी साहित्याच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहावी. तीत आडनावांपेक्षा नाती अधिक असतात. 'भाजीवाल्या मावशी', 'वरचे काका', 'गॅस', 'आईचे डॉक्टर', 'वकील घटस्फोट', 'व्यसनमुक्ती सर', 'उचलू नये'. प्रत्येक नोंद ही दोन माणसांमधल्या संबंधाची एका शब्दात लिहिलेली कथा असते, आणि ती एकाच बाजूने लिहिलेली असते. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला आपल्याला कोणत्या नावाने नोंदवले आहे हे ठाऊक नसते. अनोळखी क्रमांकाचे नाव सांगणारी काही अ‍ॅप वापरकर्त्यांनी दिलेल्या याद्यांवरच उभी राहिली. कोणा एकाने आपल्या सोयीसाठी दिलेले नाव तेथे त्या माणसाचे सार्वजनिक नाव होऊन बसते. आपल्याकडे नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत फरक आहे. या व्यवसायाने तो पुसून टाकला.

वस्तू माझ्या कपाटात असली तरी ती सर्वस्वी माझी नसते, हे तत्त्व कायद्याला नवे आहे असेही नाही. आम्हां साहित्यवाल्यांना तर ते फार पूर्वीपासून परिचित असायला हवे. १७४१ मध्ये इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप याने एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्यावर खटला भरला. पोपचा पत्रव्यवहार कर्लने परस्पर छापला होता. न्यायालयाने भेद केला तो असा : पत्र ज्याला मिळाले त्याची मालकी कागदावर, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखालीही पत्राच्या मजकुराचा हक्क त्याच्या लेखकाकडून सुरू होतो. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या, लोकांपासून कटाक्षाने दूर राहिलेल्या लेखकाची निवडक पत्रे त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने आली. ती आली हे मराठी वाचकाचे भाग्य. तरी अशा प्रत्येक वेळी हक्क कोणाचा, कोणता मजकूर गाळावा, हयात माणसांच्या उल्लेखांचे काय करावे, हे प्रश्न संपादकाला सोडवावेच लागतात. पत्र ज्याच्या हाती आहे त्याने 'हो' म्हटले की झाले, असे कोणताही जबाबदार संपादक मानत नाही. मग जे विवेकाचे भान एका पाकिटातल्या चार ओळींना आपण देतो, ते चारशे माणसांच्या यादीला का देऊ नये? कागद माझा आणि मजकूर दुसऱ्याचा, हा पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा भेद २०२३ चा कायदा विसरला आहे.

ही केवळ तात्त्विक कुरकुर नाही. २०२० पासूनच्या दोन-तीन वर्षांत झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी या देशात जे केले, ते वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणाच्याही स्मरणात असेल. काही हजारांच्या कर्जासाठी अ‍ॅप संपूर्ण संपर्कयादी उचलत असे. हप्ता थकला की यादीतल्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना, वरिष्ठांना फोन जात. कर्जदाराचे छायाचित्र अश्लील चित्रावर चिकटवून त्यांना पाठविले जाई. या छळापायी काहींनी जीव दिला. येथे तारण म्हणून सोने नव्हते, शेत नव्हते. तारण होती ती माणसाची लाज, आणि ती यादीतल्या इतरांच्या फोनमध्ये साठवलेली होती. ज्यांनी एक रुपयाही घेतला नव्हता, ते परस्पर वसुलीचे साधन झाले. त्यांची संमती कोणी घेतली होती? कागदोपत्री सारे रीतसर होते : फोनच्या मालकाने 'अनुमती द्या' या बटणावर बोट ठेवले होते.

या प्रकाराला पायबंद घालण्याचा प्रयत्न झाला, पण कोठून झाला तेही पाहण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधील संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फाइली यांना हात लावण्यास मनाई केली. गुगलने आपल्या अ‍ॅप-दुकानातील वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना मे २०२३ च्या अखेरीपासून संपर्कयादी वाचण्यास बंदी केली. ही बंदी कर्जदाराच्या संमतीने उठत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. म्हणजे जे सूत्र आम्ही मागतो आहोत ते अव्यवहार्य नाही. एका क्षेत्रापुरते ते बँकांच्या नियंत्रकाने लागू करूनही दाखविले. खासगीपणाच्या रक्षणासाठीच जन्मलेल्या कायद्याने ते सर्व क्षेत्रांना लागू केले नाही, ही खरी शोकांतिका आहे.

कायद्याचे समर्थक यावर म्हणतील की चौथ्या कलमानुसार संमतीविना किंवा कायद्याने मान्य केलेल्या अन्य कारणाविना कोणाचीही माहिती वापरता येत नाही. म्हणून यादीतला माणूसही सुरक्षितच आहे. युक्तिवाद नेटका आहे. पण मग अकरावे आणि बारावे कलम वाचावे. आपली कोणती माहिती संस्थेजवळ आहे हे विचारण्याचा हक्क कोणाला? ज्या संस्थेला त्या व्यक्तीने पूर्वी संमती दिली आहे, त्या संस्थेपुरता तिला. माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला लावण्याचा हक्क? तोही, जिच्यासाठी पूर्वी संमती दिली होती त्याच माहितीपुरता. आता यादीतल्या माणसाची अवस्था पाहा. त्याने संमती दिली नाही, म्हणून त्याची माहिती घेणे बेकायदा. आणि त्याने संमती दिली नाही, म्हणूनच ती घेतली आहे की नाही हे विचारण्याचा हक्कही त्याला नाही. चोरी झाली का हे पाहण्यासाठी घरात शिरायचे, तर चोराला आधी आमंत्रण दिल्याचा पुरावा आणावा लागेल!

यापेक्षा वेगळे लिहिता येते, हे युरोपने दाखविले आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या तेथील माहिती-संरक्षण नियमावलीत चौदावे कलम खास अशाच माणसासाठी आहे, ज्याची माहिती त्याच्याकडून न घेता अन्य कोणाकडून मिळविली गेली. काही अपवाद सोडता, अशा माणसाला संस्थेने फार तर महिनाभरात आपण होऊन कळवावे लागते : माहिती कोणती, कशासाठी, आणि कोठून आली. आयर्लंडच्या नियंत्रकाने सप्टेंबर २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपला २२ कोटी ५० लाख युरोंचा दंड जाहीर केला. त्या निर्णयातला एक मुद्दा असा होता की जे लोक व्हॉट्सअ‍ॅप वापरतच नाहीत, पण इतरांच्या याद्यांत आहेत, त्यांच्याप्रतीही कंपनीचे उत्तरदायित्व आहे. कंपनीने या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले, हे नमूद करायला हवे. तरीही यादीतला तिसरा माणूस हाही माणूस आहे, हे एका नियंत्रकाने लेखी मान्य केले, याचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वयस्कांचा असतो. ते म्हणतात, एके काळी टेलिफोन डिरेक्टरी घरपोच येत असे, गावातल्या सगळ्यांची नावे, पत्ते, क्रमांक तीत छापलेले असत. तेव्हा कोणाचे काय बिघडले? बिघडले नाही, कारण डिरेक्टरी कोण काढते हे सर्वांना ठाऊक होते, आपण तीत आहोत हेही ठाऊक होते. तीत नावावरून क्रमांक सापडे, क्रमांकावरून नाव काढणे सहजासहजी जमत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोण कोणाला ओळखतो, हे डिरेक्टरी सांगत नसे. संपर्कयादी नेमके तेच सांगते. हजार याद्या एकत्र केल्या की गावाचा नकाशा तयार होतो : कोणाचा डॉक्टर कोण, कोणत्या संघटनेत कोण, कोणाचे कोणाशी तुटले. डिरेक्टरी ही जनगणना होती. याद्यांचा ढीग ही पाळत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो असा की तुमचे म्हणणे मानले, तर शेजाऱ्याचा क्रमांक फोनमध्ये ठेवण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्यावी लागेल. या भीतीला आधारही आहे. स्वीडनमधील एका चर्चमध्ये सेवा करणाऱ्या बाईंनी १९९८ च्या सुमारास घरच्या संगणकावर एक पान तयार केले, त्यावर अठरा सहकाऱ्यांची माहिती, काहींचे दूरध्वनी क्रमांक आणि एका सहकारी स्त्रीच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ रजेवर असल्याची बातमी दिली. हेतू निरागस होता, सूर खेळकर होता. तरी त्यांच्यावर खटला झाला, दंड झाला. आणि ६ नोव्हेंबर २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने 'लिंडक्विस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सांगितले की सर्वांना दिसणाऱ्या पानावर असा मजकूर टाकणे घरगुती व्यवहाराच्या सवलतीत बसत नाही.

एका निरुपद्रवी बाईला न्यायालयाची पायरी चढावी लागली, याचे आम्हांलाही वाईट वाटते. अशा माणसांच्या मागे कायद्याने लागू नये, असेच आमचे मत आहे. आपल्या अधिनियमाने घरगुती आणि वैयक्तिक कामासाठी व्यक्तीने वापरलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, ते योग्यच आहे. घराला उंबरठा असतो आणि उंबरठ्याच्या आत राज्याने डोकावू नये. परंतु लिंडक्विस्ट प्रकरणाने उंबरठा कोठे आहे ते दाखवून दिले, आणि त्यासाठी ते प्रकरण मोलाचे आहे. यादी घरात आहे तोवर ती घरगुती. तीच यादी कंपनीच्या संगणकावर गेली की ती घरगुती राहत नाही. प्रश्न यादी ठेवणाऱ्या व्यक्तीला शिक्षा करण्याचा नाही. ती यादी उचलणाऱ्या कंपनीला 'मालकाने दिली' ही सबब नाकारण्याचा आहे. शेजाऱ्याने आपल्याकडे ठेवायला दिलेली किल्ली आपण कोणाला दिली, तर घेणाऱ्याला त्या घरात शिरण्याचा अधिकार मिळत नाही, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा : यादीवाचून सोय कशी होणार? याचे उत्तर तंत्रज्ञानानेच दिले आहे. २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून आयफोनवर सर्व यादी न देता निवडक संपर्कच अ‍ॅपला दाखविता येतात. ज्या मित्राला संदेश पाठवायचा तेवढ्या एकाचा क्रमांक द्यावा, बाकीचे घरीच राहावेत, हे शक्य आहे. तेव्हा सबंध यादी मागणे ही तांत्रिक गरज नाही, व्यापारी हाव आहे.

कायद्याचे अग्रक्रम पाहिले की ही हाव कोणाच्या आशीर्वादाने वाढते, याविषयी शंका उरत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनांनुसार कंपन्यांवरची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होण्याची आहेत. याच अधिनियमाने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात केलेला बदल मात्र तत्काळ लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित तीत आहे का, हे त्याच पोटकलमात पाहावे लागे. आता ती वैयक्तिक आहे एवढे म्हटले की नकार देता येतो. जनहिताची दुसरी एक तरतूद त्या कायद्यात शिल्लक आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याचा भार आता नागरिकाच्या डोक्यावर आहे. कंपनीला तयारीसाठी दीड वर्ष, आणि अधिकाऱ्याला आडोसा त्याच दिवशी! ज्या कायद्याला यादीतला सामान्य माणूस दिसला नाही, त्याला फाइलमधला अधिकारी मात्र लख्ख दिसला.

हा सारा विषय वकिलांचा आणि संगणकवाल्यांचा आहे, असे साहित्याच्या अध्यापकांनी म्हणू नये, म्हणून शेवटी महाविद्यालयाच्या आवारात येऊ. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे महाविद्यालय हेही माहितीचे विश्वस्त आहे. प्रवेश अर्जापासून माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीपर्यंत हजारो क्रमांक तेथे जमतात. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांचे ई-मेल आणि मोबाइल क्रमांक महाविद्यालयांकडून मागविले गेले. हेतू रास्त होता. पण सर्वेक्षण संपल्यावर ती एक्सेल फाइल कोणाकोणाच्या संगणकात राहिली, हे कोणते महाविद्यालय सांगू शकेल? वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नाव घालणे म्हणजे एका मुलीचा क्रमांक शंभर अनोळखी मुलांच्या हाती देणे, याचा विचार गट काढताना किती ठिकाणी होतो? अकरावी-बारावीची बहुतेक मुले कायद्याच्या दृष्टीने अजून बालक आहेत, हे किती कार्यालयांच्या ध्यानात आहे? 'गटात यायचे नसेल तर सूचना मिळणार नाहीत' असे सांगून घेतलेला होकार हा होकार नव्हे. ज्या वर्गात आपण पात्रांच्या मौनाचा अर्थ लावायला शिकवतो, त्या वर्गात विद्यार्थिनीच्या मौनाला संमती समजणे शोभत नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. संपर्कयादीतील नोंद ही त्या यादीतल्या व्यक्तीची माहिती आहे, आणि यादी बाळगणाऱ्याची संमती तिच्या वतीने ग्राह्य धरली जाणार नाही, असे स्पष्टीकरण सहाव्या कलमाला जोडावे. विचारण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा हक्क पूर्वसंमतीच्या अटीतून मोकळा करावा. दुसऱ्याकडून मिळविलेल्या माहितीची खबर संबंधित माणसाला देण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. आणि महाविद्यालयांनी यासाठी दिल्लीची वाट पाहू नये. क्रमांक कशासाठी घेतला, कोण पाहणार, केव्हा पुसणार, या तीन ओळी अर्जावर छापायला संसदेची मंजुरी लागत नाही. सूचना देण्यासाठी एकमेकांचे क्रमांक न दाखवणारी सोय वापरायलाही नाही.

विश्वस्त हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. देवस्थानांचे, वाचनालयांचे, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आपण पाहिले आहेत. चांगले पाहिले आहेत आणि ठेवीवर डल्ला मारणारेही. दुसऱ्या प्रकारच्या विश्वस्ताला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको. कायद्याने विश्वस्त हा शब्द वापरला असेल, तर त्याची किंमतही मोजली पाहिजे. ठेव ज्याची आहे त्याला विचारल्यावाचून तिला हात लावता येत नाही. आणि ठेव ज्याच्या घरी आहे त्याचा होकार हा मालकाचा होकार नव्हे.